आजोबांची बंदूक : कापायची, घासायची की तशीच ठेवायची?

शेतकरी बंधूंनो, तुमच्या घरात जुनी बंदूक आहे का? माळ्यावर, कोठीच्या खोलीत, नाहीतर वडिलांच्या खाटेमागे खुंटीला अडकवलेली? नसेल तरी हा लेख वाचा, कारण भावकीत कोणाकडे तरी ती असतेच. आणि गावचे पोलीसपाटील, सरपंच, तलाठी असाल तर अवश्य वाचा. वारसनोंद झाली, परवान्यावर नाव चढले, की महिन्या-दोन महिन्यांत लोक तुमच्याकडेच येतात आणि विचारतात, "अण्णा, म्हाताऱ्याची बंदूक जरा नवी करून घ्यावी म्हणतो. चालंल ना?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात जिवाचा, कायद्याचा आणि पैशाचा असा तिन्हींचा संबंध आहे. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडच्या जुन्या बंदुका आल्या कुठून ते आधी पाहू. पाटीलकी, देशमुखी, इनामदारी असलेल्या घरांत ठासणीच्या बंदुका होत्या. तोंडातून दारू भरायची, चिंधी ठासायची, छर्रे सोडायचे, पुन्हा ठासायचे आणि टोपी लावून घोडा पाडायचा. ज्यांची ऐपत बरी त्यांच्याकडे विलायती दुनळी आली, काडतुसाची, बारा बोअरची. ग्रीनर, वेबली अँड स्कॉट, वेस्टली रिचर्ड्स ही नावे आजही जुन्या नळ्यांवर वाचायला मिळतात. काहींवर कलकत्त्याच्या मँटन किंवा लायन अँड लायन या दुकानांची नावे कोरलेली असतात. रायफल मात्र संस्थानिक, बडे जमीनदार आणि शिकारीचे वेड असलेले मोजके लोक यांच्याकडेच. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातले संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे त्यांना शिकारीचा तो जमाना काय होता ते वेगळे सांगायला नको. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही उरली नाही. शिकार गेली, बंदूक मागे राहिली.

आता ती नातवाच्या हातात येते. नातू ती उचलतो, खांद्याला लावतो आणि म्हणतो, "लईच लांब आहे राव." मग सल्लागार जमतात. एक म्हणतो, नळी वीतभर कापा, हलकी होईल. दुसरा म्हणतो, दस्त्याला मागे रबर बसवा, धक्का बसत नाही. तिसरा म्हणतो, सगळी घासून काळी कुळकुळीत करून घ्या. रायफल असेल तर चौथा निघतो, वर दुर्बीण बसवा म्हणणारा. एकजण तर बोअरच बदलून घ्या म्हणतो, कारण जुन्या बोअरची काडतुसे मिळत नाहीत.

यांचे म्हणणे अगदीच खुळेपणाचे आहे असे नाही. शेतकऱ्याचा स्वभावच असा, की वस्तू कामाला येत नसेल तर तिला कामाला येईल अशी करायची. लाकडी धावेची बैलगाडी गेली, टायरची आली, आपण रडलो का? मोटेच्या जागी इंजिन आले, इंजिनाच्या जागी वीजपंप आला. आजोबांच्या कुळवाला आपण ट्रॅक्टरमागे जोडायला आकडा लावला तर कोणी आपल्याला नावे ठेवत नाही. मग बंदुकीनेच काय पाप केले?

फरक आहे, आणि तो नीट समजून घ्यावा. बैलगाडीचे चाक निखळले तर गाडी आडवी होते. बंदुकीची नळी फाटली तर डावा हात जातो, डोळा जातो. बैलगाडी बदलायला परवाना लागत नाही, बंदूक बदलायला लागतो. आणि लाकडी गाड्या गावोगाव होत्या, पण तुमच्या आजोबांच्या नावाचा, त्या क्रमांकाचा, त्या वर्षाचा दुनळी हत्यार जगात एकच आहे.

आधी भरलेली आहे का ते बघा

सगळ्यात पहिली गोष्ट. ठासणीची जुनी बंदूक घरात सापडली तर ती रिकामी आहे असे धरून चालू नका. जुने लोक डुकराच्या भीतीने रात्री बार भरून ठेवत, डुक्कर आले नाही की बार तसाच राही. असा बार वर्षानुवर्षे आत राहतो आणि दारू कोरडी असेल तर तितक्याच वर्षांनी उडतोही. पोरे घोडा ओढून "ठो" करून खेळतात आणि मग पेपरात बातमी येते.

ओळखायचे कसे? टोपी काढलेली आहे याची खात्री करा. तोंड माणसांपासून, गुरांपासून दूर धरा. लाकडी गज हलक्या हाताने नळीत तळापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडाशी गजावर खूण करा. गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून, तोंडाशी खूण जुळवून धरा. गजाचे टोक टोपी बसते त्या जागेच्या अलीकडेच चार बोटे थांबत असेल, तर आत काहीतरी आहे. मग ते काढायच्या भानगडीत पडू नका. गज ठोकू नका, नळी चुलीवर तापवू नका, पाणी ओतून "आता विझली असंल" असे म्हणू नका. पोलीस ठाण्याला कळवा आणि परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याच्या हातूनच ती मोकळी करून घ्या.

जुनी नळी आणि नवे काडतूस

आता दुनळीकडे येऊ. खरा धोका इथे आहे आणि बहुतेकांना त्याची कल्पना नसते.

तुमच्या बंदुकीची नळी उजेडात तिरपी धरून पाहा. तिच्यावर सापाच्या कातीसारखी किंवा लाकडाच्या रेषांसारखी वळणावळणाची नक्षी दिसते का? दिसत असेल तर ती दमास्कस नळी. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, तापवून, एका गजाभोवती गुंडाळून, ठोकून जोडलेली. वेटोळ्याची घागर जशी वळ्यावर वळे चढवून करावी तशी. कारागिरी अप्रतिम, पण ती केली काळ्या दारूच्या जमान्यात. आजच्या काडतुसात बिनधुराची दारू असते, तिचा जोर वेगळा. दमास्कस नळीच्या जोडांत आतून गंज शिरलेला असू शकतो आणि तो बाहेरून दिसत नाही. वरून नळी चकचकीत, आतून पोखरलेली. वाळवी लागलेला वासा आपण पाहिलाच आहे, रंग दिलेला असतो आणि अंगठा दाबला की आत जातो.

म्हणून बंदूक उघडून नळीच्या बुडाशी, सपाट भागावर काय ठसे आहेत ते भिंगातून वाचा. विलायती बंदुका लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसमध्ये जादा भराचे बार उडवून तपासल्या जात, आणि तपासणी झाली की ठसा उमटवत. लंडनच्या बंदूक कारागिरांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे प्रूफ हाऊस १८१३ च्या कायद्याने सुरू झाले, म्हणजे ही पद्धत किती जुनी ते बघा. "नायट्रो प्रूफ" असे शब्द कोरलेले असतील तर बिनधुराच्या दारूवर ती नळी कधीतरी तपासलेली आहे. नसतील तर ती काळ्या दारूचीच धरून चाला. "नॉट फॉर बॉल" असे कोरलेले असेल तर त्या नळीतून गोळी मारायची नाही, फक्त छर्रा. नळीचे तोंड पुढे आवळलेले असते म्हणून ही सूचना.

दुसरी गोष्ट काडतुसाच्या लांबीची. बारा बोअर म्हणजे बारा बोअर, त्यात काय बघायचे असे लोकांना वाटते. (बारा बोअर का म्हणतात हेही जाता जाता सांगतो. त्या नळीत बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, म्हणून बारा. नळीचे आतले माप साधारण साडेअठरा मिलिमीटर.) पण जुन्या विलायती दुनळ्यांची काडतूस बसण्याची जागा बहुधा अडीच इंचाची असते. तिला ६५ मिलिमीटरचे काडतूस लागते. दुकानात ७० मिलिमीटरचेही मिळते. गंमत अशी, की ७० चे काडतूस ६५ च्या जागेत बिनबोभाट बसते. कारण हे माप उडालेल्या, तोंड उघडलेल्या काडतुसाचे आहे. तोंड मुडपलेले असताना ते आखूडच असते. बार उडाला की तोंड उघडते, उघडायला जागा मिळत नाही, ते नळीच्या निमुळत्या भागात घुसते आणि बुचासारखे अडते. मागचा दाब एकदम वाढतो. शंभर वर्षांच्या नळीने तो सोसावा अशी अपेक्षा आपण का करावी? खडकीच्या कारखान्याची काडतुसे घेताना खोक्यावरची लांबी वाचून घ्या. दुकानदार घाईत असेल तर थांबवा, पण वाचा.

यावर काहीजण उपाय काढतात, की काडतुसाची जागाच आतून कोरून मोठी करून घ्यायची. हा बदल बाहेरून दिसत नाही, म्हणून सर्वात फसवा. नळीची भिंत जिथे सर्वात जास्त दाब सोसते तिथेच ती पातळ करायची, असा हा प्रकार आहे. पूर्वी केलेली तपासणी त्या क्षणापासून रद्द झाली असे समजावे. माझे मत स्पष्ट आहे, हे करू नये.

कायदा काय म्हणतो

शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या कलम ५ प्रमाणे हत्यार बनवणे, बदलणे, दुरुस्त करणे, तपासणे ही कामे परवाना असलेल्यानेच करायची. म्हणजे गावचा लोहार कितीही हुशार असला आणि ट्रॅक्टरचा धुरा कसाही जोडत असला, तरी बंदुकीला त्याने हात लावायचा नाही. त्याने लावला तर तोही अडकतो, तुम्हीही.

कलम ६ नळी आखूड करण्याविषयी आहे. त्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात आणखी भर पडली, एका प्रकारच्या हत्याराचे दुसऱ्या प्रकारच्या हत्यारात रूपांतर करणेही त्यात आले. आणि शिक्षा? विनापरवाना नळी कापली तर किमान सात वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप. पूर्वी ती तीन ते सात वर्षे होती. "घरचीच बंदूक, घरीच कापली, कोणाला काय त्याचं" असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा.

कलम ८ फार लोकांना ठाऊक नाही. बंदुकीवरचे नाव, क्रमांक, खूण खोडणे, घासणे, बदलणे गुन्हा आहे. क्रमांक घासलेली बंदूक तुमच्याकडे सापडली तर तो तुम्हीच घासला असे कायदा गृहीत धरतो, नाही हे तुम्ही सिद्ध करायचे. आता विचार करा. पॉलिशवाल्याने मशीनवर धरून नळी चकचकीत केली आणि क्रमांकातला एक आकडा गेला. परवान्यावर ३ आहे, नळीवर काहीच दिसत नाही. नूतनीकरणाच्या वेळी तपासणीला नेली की साहेब विचारणार, हीच ती बंदूक कशावरून?

आणखी एक गैरसमज. "जुनी आहे, मोडकी आहे, परवाना कशाला?" कलम ४५ मध्ये जुनाट घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त हत्याराला सूट आहे हे खरे. पण अट आहे, ते दुरुस्त करूनही चालण्यासारखे नसावे. घोडा तुटलेला आहे, चाप सैल आहे, टोपीची जागा गंजली आहे, एवढ्याने ती अट पुरी होत नाही. नवा घोडा बसवला की ती बंदूक चालते. हा निर्णय घरी बसून करायचा नसतो, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेला लेखी विचारायचा असतो. उत्तर लेखीच घ्या. त्याच कारणाने, शोभेला टांगायची म्हणून नळीत वेल्डिंग मारून ती बुजवण्याचा उद्योगही स्वतःच्या मनाने करू नका. तोही बदलच आहे, आणि परत न फिरणारा.

वारसाबद्दल थोडक्यात. परवानाधारक वारला तर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते, वारसाने स्वतःच्या नावे परवाना मागायचा असतो. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा बंदूक बाळगून २५ वर्षे झाली, तर हयातीतही वारसाच्या नावे अर्ज करता येतो. म्हाताऱ्याने डोळे मिटेपर्यंत थांबायची गरज नाही. एका माणसाला आता दोनच हत्यारे ठेवता येतात, पूर्वी तीन होती. वारसाहक्काने आले तरी मर्यादा दोनचीच.

जाता जाता, बंदुकीशेजारी भिंतीवर शिंगे किंवा वाघाचे कातडे टांगलेले असेल तर त्याचा मालकी दाखला आहे ना ते वनखात्याच्या कागदांत शोधून ठेवा. तो वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधीतरी.

चिंचेने घासलेले नाणे

शिवराई सापडली की आपल्या बायाबापड्या ती चिंचेने घासून लखलखीत करतात. नाण्याचा जाणकार ती पाहून कपाळाला हात लावतो. तिच्यावरचा काळपट थरच तिच्या वयाचा पुरावा होता, तोच गेला. वाड्याच्या सागवानी चौकटीला हिरवा ऑइलपेंट लावला की जशी तिची कळा जाते, तसेच हे.

जुन्या दुनळीच्या बाबतीत तर नुकसान नुसते दिसण्याचे नाही. नळ्या काळ्या करण्याची आजची सोपी पद्धत म्हणजे क्षारांच्या उकळत्या द्रावणात बुडवणे. पण दुनळीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी बहुधा कथलाच्या मऊ डाकाने जोडलेली असते. ते तीव्र द्रावण डाकात शिरते, डाक खाते, आत अडकून राहते आणि पुढे आतून गंज चढत जातो. बंदूक महिनाभर नव्यासारखी दिसते, मग पट्टी सुटू लागते. जुने कारागीर हळूहळू गंज चढवून, घासून, पुन्हा चढवून रंग आणत, त्याला दिवस लागत. आज तसे करणारे हात थोडे. दमास्कस नळी घासली तर तिची नक्षीच पुसली जाते, मग उरते ते कोणतेही लोखंड.

दस्त्याचेही तसेच. दस्ता अक्रोडाचा असतो आणि चांगल्या बंदुकीचा दस्ता घेणाऱ्याच्या हाताच्या मापाने बेतलेला असतो. रबर बसवायला मागचा इंचभर कापला की तुमच्या आजोबांच्या खांद्याचे, मानेचे, हाताचे माप त्या लाकडातून गेले. ते परत जोडता येत नाही. पकडीजवळच्या बारीक चौकटी पॉलिशपेपरने गेल्या की पकडही गेली आणि किंमतही.

बोअर बदलण्याचे खूळ रायफलवाल्यांचे. लष्करी बोअरची रायफल साध्या परवान्यावर नागरिकाला मिळत नाही, म्हणून पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात .३१५ बोअरची रायफल तयार होऊ लागली आणि तिचीच काडतुसे इथे सहज मिळतात. मग जुन्या विलायती रायफलीची नळी बदलून .३१५ करून घ्यावी असे एखाद्याच्या मनात येते. पण या जुन्या बोअरांनाही इतिहास आहे. बंडखोरांच्या हाती दारूगोळा पडू नये म्हणून इंग्रजांनी १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी घातली. मग विलायतेतल्या कारखानदारांनी खास इथल्या गिऱ्हाइकांसाठी .४७० सारखी नवी बोअरे काढली. अशी रायफल घरात असेल तर ती आपल्याच देशातल्या एका हुकुमाची साक्षीदार आहे. नळी बदलली की साक्ष संपली, आणि २०१९ ची दुरुस्ती वरून आहेच.

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात हा धडा लोक पूर्वीच शिकले. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या ली-एन्फिल्ड, मॉझर रायफली तिथे कवडीमोलाने विकल्या गेल्या. शेतकऱ्यांनी, शिकाऱ्यांनी त्या घेतल्या, पुढचे लाकूड कापले, नळ्या आखूड केल्या, भोके पाडून दुर्बिणी बसवल्या. त्यात त्यांची चूक नव्हती, स्वस्तात कामाचे हत्यार होत होते. आज मात्र हौशी संग्राहक न कापलेली रायफल शोधत फिरतात आणि कापलेलीपेक्षा तिला कितीतरी जास्त मोजतात. ज्याने पोटमाळ्यावर तशीच टाकून दिली तो नफ्यात राहिला.

आपल्याकडचे उदाहरण जिम कॉर्बेटचे. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली त्याला रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट मिळाली, दस्त्यावर तशी चांदीची पट्टी आहे. त्या रायफलीने पुढे कुमाऊँ-गढवालचे डोंगर तुडवले, ती झिजली, घासली गेली. २०१५ साली रिग्बी कंपनीनेच ती परत विकत घेतली. कंपनीला नवी रायफल बनवता येत नव्हती का? त्यांना ती झीज हवी होती, ती पट्टी हवी होती.

तुमच्या बंदुकीने नरभक्षक मारला नसेल. पण जुन्या विलायती कारखान्यांपैकी वेस्टली रिचर्ड्स, हॉलंड अँड हॉलंड, रिग्बी यांच्या जुन्या वह्या आहेत. क्रमांकावरून बंदूक कोणत्या वर्षी बनली, पहिल्यांदा कोणाला विकली हे त्यात सापडू शकते. क्रमांक शाबूत असेल तरच. आणि शंभर वर्षे उलटलेली वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते, ती परदेशी पाठवण्याचा विचार कोणी डोक्यात घालत असेल तर त्याच्यापासून सावध राहा. १९२० च्या आसपासच्या बंदुकांची शंभरी भरलेली आहे, हे लक्षात घ्या.

"पण मला तर डुकरं राखायचीत"

हा खरा शेतकऱ्याचा सवाल आहे आणि तो मी टाळणार नाही. मका हाताशी आला की रात्रीत डुकरे लोळण घेतात, भुईमूग उकरतात, उसात घुसतात. ज्याचे एकर दीड एकर गेले त्याला नक्षीचे आणि इतिहासाचे कौतुक सांगून काय उपयोग?

पण नीट पाहा. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत आहे, १ एप्रिल २०२३ पासून दुसऱ्या अनुसूचीत. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. ती नसताना मारले तर पीकही गेले आणि माणूसही कोर्टात गेला. नुकसानीचा अर्ज मात्र पीक मोडल्या मोडल्या वनखात्याकडे करा आणि पंचनामा करून घ्या, त्याला बंदूक लागत नाही.

तरीही राखणीला हत्यार हवेच असेल, तर शंभर वर्षांच्या बंदुकीला कापून-कोरून कामाला लावण्यापेक्षा कामाची बंदूक मागा. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणाचा उल्लेख आहे. त्यात ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे आणि ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. अर्जाला सात-बारा, पिकाचा पेरा, पूर्वीच्या नुकसानीचे पंचनामे जोडा. पोलीसपाटलांनी अहवाल देताना "मागणी योग्य वाटते" एवढे एक वाक्य न लिहिता किती वेळा, कोणत्या गटात नुकसान झाले ते लिहावे. अशा अर्जाला वजन येते.

मग जुनीला काहीच करायचे नाही का? करायचे. जात्याला टाकी लावतो, पण जात्याचा पाटा करत नाही. देखभाल वेगळी, बदल वेगळा. झिजलेली कमान, तुटलेला स्क्रू परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्या, आणि काढलेला जुना भाग फेकू नका, चिंधीत बांधून बंदुकीबरोबर ठेवा. धक्का बसतो म्हणून दस्ता कापण्याऐवजी वरून चढवायचा चामड्याचा किंवा रबराचा खोळ लावा, तो काढता येतो. जे काढता येते ते चालेल, जे काढता येत नाही त्याआधी दहा वेळा विचार करा. रायफलीला भोक पाडून दुर्बीण बसवणे हे दुसऱ्यातच मोडते.

लाकडाला जवसाचे उकळलेले तेल बोटाने थोडे, अगदी थोडे, चोळा आणि फडक्याने पुसा. फार ओतले तर चिकट थर बसतो आणि धूळ धरतो. वरवरचा गंज तेलात भिजवून अगदी बारीक तारेच्या लोकरीने हलक्या हाताने काढा, पॉलिशपेपर लावू नका, आणि अक्षरे व ठसे असलेल्या जागी तर हातही लावू नका. ठासणीच्या बंदुकीतून बार काढला असेल तर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवा, कोरडी करा, मग तेलाचा हात फिरवा. काळ्या दारूची राख ओल धरते आणि रात्रीत गंज चढवते. चामड्याच्या म्यानात बंदूक ठेवून पावसाळा काढू नका, चामडे ओल शोषते. उघडी, कोरड्या कपाटात, कुलपात ठेवा, तोंड खाली करून. तोंड वर असले की नळीतले, कळीतले तेल उतरून दस्त्याच्या मानेत मुरते आणि लाकूड कुजल्यासारखे मऊ पडते. अनेक जुने दस्ते नेमके तिथेच चिरलेले दिसतात.

कागद जपा. जुना परवाना, खरेदीची पावती, संस्थानी काळातला शिकारीचा पास, बंदूक हातात घेतलेला आजोबांचा फोटो, जे असेल ते. बंदुकीचे सर्व बाजूंनी, आणि क्रमांक व ठशांचे जवळून, फोटो काढून ठेवा. याचा उपयोग एका वेळी हमखास होतो. निवडणूक आली की ठाण्यात बंदुका जमा होतात. तिथे त्या कोपऱ्यात उभ्या राहतात, ओलीत, एकावर एक रेललेल्या. जमा करण्याआधी तेलाचा हात द्या, पावतीवर कंपनीचे नाव, क्रमांक, बोअर आणि दस्त्याची स्थिती लिहून घ्या. परत घेताना ठाण्यातच, उजेडात, पावती आणि फोटो समोर धरून तपासा, आणि मगच सही करा.